सोन्याची तार

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम मावा मोजणं.
गेटवरचा चिंतामण रोज म्हणतो, "मॅडम, थोडा आम्हालाही द्या."
त्याच्या गालात सुपारीचा मावा,
माझ्या डबीत चवळीवरचा.

एकीच्या पाठीवर
(सगळ्या बायाच असतात, नराशिवाय वेणाऱ्या,
पोटातल्या पोरीच्याही पोटात पोर)
केसाहून बारीक सोन्याची तार चिकटवायची,
चांदीच्या गोंदाने, श्वास धरून.
दुसरं टोक कुंडीतल्या मातीत.
तिनं सोंड पानात रोवली की सर्किट पुरं होतं
आणि पडद्यावर रेघ उठते:
ही चाचपणी, ही लाळ,
आणि ही लांबच लांब, शांत लाटांची. ती जेवतेय.
तासन् तास जेवते. तान्हं अंगावर पितं तशी,
डोळे मिटून, असं लिहिणार होते;
माव्याला पापण्या नसतात.

मग औषध.
पूर्ण मात्रेत मरते, तिची नोंद एका आकड्यात संपते.
मला नेमलंय न मरणाऱ्या मात्रेवर.
ती सोंड खुपसते, काढते,
दोन पावलं चालते, परत खुपसते,
रेघ उठते नि तुटते, उठते नि तुटते,
शांत लाट येतच नाही.
अन्नावर उभी आहे आणि उपाशी आहे.

"आहारात एकसष्ट टक्के घट. उत्तम," सबनीस सर म्हणाले.
पण तार सोडवली की ती या पानावरून त्या पानावर,
या कुंडीतून त्या कुंडीत,
जाईल तिथं एक टोचा,
आणि सोंडेच्या टोकाला मोझॅकचा रोग.
पोटभर जेवली असती तर एकाच वेलावर राहिली असती.
हे मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.
रकाना लहान आहे.

गोठिवलीला, हाय टेन्शनच्या तारांखाली
मढवीकाकूंची चवळी.
औषध आमचंच. "महाग आहे गं, पाणी वाढवते जरा."
पानं पिवळी, आकसलेली. मुंगळे वरखाली, चिकट्यासाठी.
म्हटलं, मात्रा कमी करू नका.
मग म्हटलं, फवारूच नका, ही बघा ढालकिड्याची अळी,
ही खाईल मावा.
काकूंनी बाटलीचं बूच घट्ट केलं.
"तुला पगार कोण देतं?"

रात्री वारा फिरला, कंपन्यांचा वास खिडकीत.
ताटात चवळीचीच आमटी.
दोन घास खाल्ले, उठले, पाणी प्यायले,
परत बसले, एक घास,
गॅलरीत जाऊन आले.
आई म्हणाली, "अगं, एका जागी बसून जेव ना."