प्रवासाचा हेतू

टिळक रोडच्या त्या ऑफिसात एसी फार गार.
मुलगा म्हणाला, मॅडम, एकाच शहरात आठ दिवस?
तेवढ्यात आमचे पाच देश होतात,
रोज पोळी-भाजी, शेवटच्या दिवशी श्रीखंड.
म्हटलं, नको. प्राग. नुसतं प्राग.
त्याने वहीत 'नुसतं' शब्दाखाली रेघ ओढली,
बहुधा माझ्या तब्येतीची नोंद म्हणून.

घरी येऊन कपाटावरची पत्र्याची नळी काढली.
बटर पेपर पिवळा पडलाय,
एक कोपरा झुरळांनी खाल्लाय.

सत्त्याऐंशी साली हडपसरच्या कारखान्यात
खोक्यांतून बोरिंग मशीन आलं,
ते बसवायला यारोमीर आला.
उंच, उन्हाने सोललेल्या नाकाचा,
कँटीनच्या मिसळीपुढे हात जोडणारा.
तीन महिने त्याच्या भाषेतली ड्रॉइंग्ज
मी शाईने उतरवली, अर्थ न कळता,
अक्षरांवरच्या उलट्या टोप्यांसकट.

जायच्या आदल्या दिवशी वीज गेली होती.
खिडकीशी बसून त्याने नदी काढली,
पट्टी न घेता. मला तेच खटकलं.
मग पूल, कमानी सोळा. टेकडीवर किल्ला.
पुलापलीकडे गल्ली, गल्लीत फुली: आई.
ये, म्हणाला.
त्याच्या इंग्रजीत तेवढंच एक क्रियापद धड होतं.

नाही, तसलं काही नव्हतं.
भाचीलाही हेच सांगितलं, तिने भुवई उचलली.
माझं लग्न ठरलेलं होतं, झालं, चांगलं झालं.
पद्माकरांनी हा कागद पाहिला होता.
एवढंच म्हणाले, स्केल लिहिलेलं नाही याच्यावर.

खोक्यांवर ज्या देशाचं नाव होतं
तो देश आता नाही.
त्या फळ्यांचं आम्ही शेल्फ केलं,
वर लोणच्याच्या बरण्या.
बरण्या हलवल्या की मागे दिसतं
देशाचं निम्मं नाव.

काल रुखसाना आली, टूलरूममधली, तिचा टॅब घेऊन.
आधी चुकून पुणंच उघडलं होतं,
म्हात्रे पूल कशालाच जुळेना.
दोघी हसलो, चहा सांडला, कागद वाचला.
मग प्राग.
मी कागद वर धरला, तिने दोन बोटांनी
शहर लहान केलं, मोठं केलं, जरासं फिरवलं,
आणि नदीचं वळण बसलं.
पूल बसला.
गल्ली तेवढी दोन मिलिमीटर उत्तरेला.
आता शहर सरकलं,
की तीन महिने घरापासून लांब असलेल्या माणसाचा हात?

फॉर्ममध्ये विचारतात, प्रवासाचा हेतू.
पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, उपचार, नातेवाईक.
रुखसाना म्हणाली, पर्यटन टाक, डोकं चालवू नको,
एफडीच्या पावत्या जोड, गुडघ्याचा उल्लेख नको.
तिनेच टाकलं.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात
तेव्हा नुसत्या सवयीने मी चौकट आखली होती.
काढले: यारोमीर. तारीख.
तपासले:
आणि पुढे मोकळं.

अठरा तारखेला मुंबईत बोटांचे ठसे.
नळी विमानात वर नेऊ देतात का, विचारायला हवं.
पेन्सिल एचबी नको, फिसकटते.
टूएच.