रकाना

तीन मेलना उत्तर आलं नाही.
चौथ्याला आलं, दीड ओळीचं:
उद्या सकाळी सातला ये. बंद बूट घालून.
प्रवेशाच्या पत्रापेक्षा जास्त वेळा
मी ती दीड ओळ वाचली असेल.

पहिले तीन आठवडे नुसत्या बाटल्या विसळल्या.
शेजारच्या नसरीनआपा म्हणाल्या, संशोधन म्हणजे काय गं?
म्हटलं, भांडी.

मग एक दिवस डॉक्टर इल्हामनी हातात चिमटा दिला
आणि रुपयाएवढा एक गोल कागद.
काचेच्या पेटीतला तराजू श्वासानेही हलत होता.
"आधी कोरा तोल.
कोऱ्यालाही वजन असतं. ते माहीत नसेल
तर पुढचं सगळं तुझ्या मनाचं."

विषय त्यांचा होता: शारजातल्या घरांतली धूळ.
ती आणायची कुठून, हे मात्र
मला जन्मापासून माहीत होतं.
बावीस वर्षं अब्बा लोकांचे एसी उघडतायत.
रोला, अल नहदा, अजमानच्या हद्दीवरच्या पिवळ्या इमारती.
घरी आले की आई दारातच अडवायची,
आधी बाहेर झटकून या.
आता मी म्हणाले, झटकू नका.

खुबूसच्या रिकाम्या पिशव्यांत जाळ्या यायला लागल्या.
वर बॉलपेनने, बाणकोटच्या शाळेतल्या अक्षरात:
इमारत ४, खोली ३०२, मांजर आहे.
इमारत ६, ५०१, रोज बुखूर जाळतात.
इमारत ११, १०३, आठ पोरं एका खोलीत.
इंग्रजीत उतरवून घेताना
मी मांजर गाळलं, बुखूर गाळला, पोरं गाळली.
माझ्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता.

जुलैत तोलायच्या खोलीचाच एसी बंद पडला.
खाडीची दमट हवा दाराखालून आत आली
आणि कोरे कागदसुद्धा जड झाले.
एकेचाळीस वजनं फुकट.
बाथरूममध्ये रडून, तोंड धुऊन परत आले
तर डॉक्टर इल्हाम माझ्याच वहीत तारीख घालत होत्या.
"हेही लिही.
माझी एक अख्खी वही खार्तुमला राहिली.
तुझे तर एकेचाळीसच गेले."

ऑगस्टअखेर आलेख निघाला, देखणा:
जसजसे मजले चढावे, तसतशी धूळ कमी.
मी तो घरी नेला. अब्बा जेवत होते.
डाव्या हाताने फोन धरून त्यांनी बराच वेळ पाहिला.
हा ठिपका कुठला?
इमारत ९, ७०४.
"ती बाई दर शुक्रवारी जाळी स्वतः धुते.
पोराला दमा आहे तिच्या."
आणि हा?
६११.
"तिथेही लेकरं आहेत. वर कुटुंबं राहतात गं,
खाली दोन पाळ्यांतली पोरं. त्यांना झोपायला वेळ नाही,
जाळी कोण धुणार?
उंचीचं यात काही नाही."
आणि त्यांनी कालवणात भात कालवला.

मी जेवले नाही.
चिडले होते, कुणावर ते सांगता येत नव्हतं.
बाराच्या पुढे लॅपटॉप उघडून
तक्त्याच्या मध्ये एक रकाना घातला:
जाळी शेवटची कधी धुतली? कोणी?
त्याला लागून, जरा लाजत, दुसरा:
मांजर.

साठांतल्या सदतीस घरांची उत्तरं यायची आहेत.
बावीस वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न
अब्बा आता दारोदार विचारतायत,
हातात स्क्रूड्रायव्हर, काखेत शिडी.
७०४ची बाई म्हणे उलट त्यांनाच विचारते,
दम्याचं काही कळलं का तुमच्या मुलीला?
मी म्हटलं, सांगा, अजून नाही.
सांगितलं की नाही, ते बोलले नाहीत.
काल आणलेल्या पिशवीत जाळी नव्हतीच,
वर एवढंच लिहिलं होतं:
७०४. काल धुतली. आईने.
पोरगा बरा दिसला.