असागी

जन्माच्या नोंदणीला चौदा दिवसांची मुदत.
तेराव्या दिवशी, मी डबा उघडलाच होता,
तेव्हा ती तिघं आली माझ्या तीन नंबरच्या खिडकीशी:
तोमोए, तिचा नवरा, आणि सासरे इवाओ,
ज्यांच्या नखांतली नीळ मी लहानपणापासून पाहते आहे.
योशिनो नदीकाठच्या आमच्या गावात
निळ्या नखांचा माणूस म्हणजे रंगारी, विचारायला नको.

अर्जावर नाव होतं: असागी.

दोन चित्राक्षरं. पहिलं ‘फिकट’, दुसरं ‘पात’.
कांद्याची पात. हो, तीच, सूपात चिरून घालतात ती.
तिचा उतरलेला, कोवळा रंग,
ना धड हिरवा, ना धड निळा.

म्हातारा काचेला म्हणाला, माझ्याकडे न बघता,
“दोन बुड्यांत होतो हा रंग. दोन!
खऱ्या गडद निळ्याला वीस-वीस वेळा बुडवावं लागतं.
पूर्वी एदो शहरात नवखे आलेले गावठी सामुराई
झग्याला आतून हेच स्वस्त अस्तर लावायचे,
आणि गल्लीबोळांत लोक त्यांना हसायचे.
पोट फाडून घ्यायला बसणाऱ्याच्या अंगावर
शेवटचे कपडे कुठल्या रंगाचे असायचे, विचारा हिला.”

मी विचारलं नाही. संगणकात पाहिलं.
एकतीस वर्षं या खुर्चीत काढली,
नावांचे हंगाम मला कळतात.
आधी शेवटी ‘को’ लावलेल्या मुली आल्या, रांगेनं,
मग साकुरा फुलल्या, एकेका वर्गात चार-चार,
आता हिमारी, आता रिन.
दर वर्षअखेरीला लोकप्रिय नावांची यादी छापून येते,
लोक ती घेऊनच येतात, बाजाराची यादी आणावी तशी.
असागी त्यात नाही.
आमच्या नोंदवह्यांतही एक नाही.

एक असती.
एकोणीस वर्षांपूर्वी एक जोडपं हेच नाव घेऊन आलं होतं,
आणि मीच म्हणाले होते, आगाऊपणे, पेन पुढे करत,
“शाळेत पोरं कांदा कांदा म्हणून चिडवतील हो.”
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, खोडलं,
साकुरा लिहिलं.

तोमोए इतका वेळ पोरीचं टोपडं सारखं करत होती.
“रांजणातून कापड वर काढलं की ते हिरवं असतं,”
ती म्हणाली, “चार श्वासांपुरतं.
हवा लागली की निळं होतं. आपण रोज बघतो, बाबा.
ही उलटी आली.
बाहेर आली तीच निळी.
पुरती गडद, तुमच्या वीस बुड्यांची.
सुईण पाठ चोळत होती, कुणी बोलत नव्हतं,
मी मोजत होते. रांजणाशी बसून मोजायची सवय.
अकराला रडली.
मग हवा लागत गेली तसं निळं उतरत गेलं,
कपाळावरून, ओठांवरून,
सगळ्यात शेवटी नखांतून.
तिथं शेवटाला जेवढं राहिलं होतं ना,
तेवढंच.
त्याहून गडद हिच्या वाट्याला नको.”

नवऱ्यानं नुसती मान हलवली. त्याला हे माहीत असावं.
म्हातारा स्वतःच्या नखांकडे पाहत राहिला,
मग खिशात शिक्का शोधू लागला, या खिशात, त्या खिशात,
कुणी त्याचा मागितलाही नव्हता.

मी उच्चार विचारला. नियम आहे, विचारावाच लागतो.
तिघांनी एकदमच सांगितला.

संध्याकाळी घरी जाताना पातीची जुडी घेतली.
ओट्याशी सुरी हातात धरून थांबले:
पांढरा दांडा संपतो आणि हिरवी पात सुरू होते
त्याच्या मधे एक बोटभर जागा असते.
इतकी वर्षं चिरते आहे,
तिथं कधी बघितलंच नव्हतं.
सूप उतू गेलं.