अंड्यांच्या खोक्यातले सोळा

उणे अठरा. गॅरेजची कडी
हातमोज्याला धरून ठेवते.
हीटर लावलाय, पण तो स्वतःपुरताच तापतो.
बाकावर अंड्यांची दोन खोकी, बारा-बारा खाचांची,
प्रत्येकात आठ लिफ्टर, चार खाचा मोकळ्या.
झाकणावर मॉन्सच्या अक्षरात आकडे.
पाच आणि सहा तेलानं पुसले गेलेत.

मधोमध, तेलकट कागदात, नवा कॅमशाफ्ट.
अजून कशालाच न लागलेला.
तो दिवसातून तीनदा कागद उघडून बघतो,
पाळण्यातलं बघावं तसा.

"मावशी, हेच चालतील ना?
आवाज करत नव्हते."

चौतीसशे क्रोनर कॅमला गेले,
छपरांवरचा बर्फ उपसून मिळवलेले.
नव्या सोळांना आणखी अठराशे.
दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणणार होते.
म्हटलं नाही.
त्याच्या तळहातावर फावड्याचे फोड होते,
एक फुटून सुकलेला.

मी पोलाद कारखान्यात एकोणतीस वर्षं क्रेन चालवली.
तिथे कुणाला काही पटवायचं नसतं,
वजन लावायचं आणि काटा दाखवायचा.

म्हणून फक्त स्टीलची पट्टी घेतली
आणि लुडविकाच्या दुकानातून मागवलेला एक नवा, नमुन्याचा लिफ्टर.
त्याचा तळ पट्टीला लावून दिव्यासमोर धरला.
"बघ."
पट्टी मध्यावर टेकलेली,
दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ.
तळ किंचित फुगीर असतो,
म्हणूनच तो कॅमवर गरगरत राहतो,
आणि फिरतो म्हणून टिकतो.

मग खोक्यातला अकरा नंबर.
पट्टी कडांवर बसली.
उजेड मधून आला.

मॉन्स काही बोलला नाही.
बारा घेतला. मग तीन. मग नंबर नसलेले दोन.
प्रत्येक वेळी उजेड मधूनच.
डोळा इतका जवळ नेला
की पापणी पट्टीला लागली असेल.

वाईट नाहीत रे ते, मी म्हणाले.
जुन्या कॅमच्या एकेका उंचवट्यानं
एकेकाचा तळ घासून घासून आपल्यासारखा केलाय,
आणि त्यांनी त्याला.
तिथे परत बसवलेस, ज्याच्या त्याच्या जागी,
तर अजूनही पळतील.
नव्याखाली घातलेस तर महिन्याभरात
कॅमची धार चाळणीत, चमचमत्या चुऱ्यात दिसेल.

"आणि पाच-सहा?"
पाच-सहा आता कुठलेच नाहीत, मी म्हणाले.
हे मात्र मला बोलायचं नव्हतं.

तो बराच वेळ दारात उभा राहिला,
दार उघडं टाकून, उष्णतेची पर्वा न करता.
समोर लेनार्टचं ट्रॅक्टर रस्ता खरवडत गेलं.
मग म्हणाला, एप्रिलपर्यंत थांबतो.
डॉजवर चादर टाकली, इंजिनावर वेगळी.
माझ्याकडून उसने घे, असं मी विचारलं,
त्यानं मान हलवली. ती कुठल्या दिशेला, मी नीट पाहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी नवे सोळा बसले,
तळाला दाट काळं वंगण चोपडून,
मेंढीच्या पाठीवर औषध लावतात तसं.
पहिली वीस मिनिटं मंद चालवायचं नाही,
दोन हजारांच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही,
नाहीतर जन्मतःच पोटं झिजतात.

मी स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ आणलं.
इंजिन धडाडलं.
कुंपणापलीकडून लेनार्ट हातवारे करून
बंद करा, बंद करा म्हणत होता.
मॉन्सचा उजवा हात गतीच्या तारेवर,
डावा कोटाच्या खिशात, मूठ मिटलेली.
खिशात काय आहे ते मला माहीत होतं.
त्याचा आकडाही.

अकरा मिनिटं झाली.