बिनलोकरीची

प्राणहितेपलीकडच्या बाजाराला
मी डोंग्यातून गेले, पदराच्या गाठीत पैसे
आणि सासऱ्यांचा एकच निरोप:
"पाठीवर हात फिरवजो. बोटं बुडली पायजेत."

बोटं बुडली नाहीत.
त्या उंच, लांब तोंडाच्या, तांबूस,
अंगावर नुसते केस,
वासराला असतात तसे, आखूड, चमकदार.
कातरायची भानगड नाही अक्का, विकणारा म्हणाला,
उन्हाळ्यात आपोआप झडते.
त्याचं मराठी तेलुगूत भिजलेलं,
माझं तेलुगू बाजारापुरतं.

मग मी पाठ सोडली आणि बाकीचं पाहिलं.
पापणी खाली ओढून आतला रंग:
लाल असेल तर घ्यायची,
ज्वारीच्या पिठासारखा असेल तर पोटात जंत.
दात दोन आलेले, चार येऊ घातलेले.
कास मऊ, गाठ नको.
खूर उचलून वास घेतला. लोक हसले.
हसू द्या; कुजक्या खुराचा वास
एकदा नाकात बसला की जात नाही,
माझ्या माहेरी अकरा मेंढ्या गेल्या होत्या त्यानं.

एक सगळ्यांत देखणी होती, कपाळावर चांद.
चालवून पाहिली तर मागची ढोपरं घासत होती.
तिच्याकडे पाहत राहिले जरा वेळ
आणि तिच्या शेजारची घेतली, कानफाटकी.
अशा चार. आणि एक एडका, अजून न भरलेला,
त्याच्या आईला जुळी झाली होती म्हणे.
'म्हणे'वर सूट किती, विचारलं.
साठ रुपये सोडले त्यानं.

घरी मल्लय्यामामाजींनी काठी बाजूला ठेवली.
डोळ्यांत मोतीबिंदू, हातांनीच पाहतात.
पाठ. मान. परत पाठ.
"बकऱ्या आनल्या तुनं."
"मेंढ्या आहेत मामाजी, शेपूट खाली आहे."
त्यांनी शेपट्या चाचपल्या, चारही.
मग दोन दिवस बोलले नाहीत.

या माणसानं एके काळी
असं घोंगडं विणलं, की वर घागर ओतली
तरी खाली कोरडं.
आता लोकर न्यायला कोणी येत नाही,
कातरणारे हैदराबादेत सिमेंट कालवतात.
गेल्या साली पोतंभर लोकर मी उकिरड्यात पुरली,
रात्री, त्यांना कळू नये म्हणून.
कळलं असणार. वास असतो तिला.

परसात जागा ती किती, वीस हात बाय चौदा.
तुऱ्हाट्यांचा कूड, खाली मुरूम, उतार नालीकडे.
सकाळी धुऱ्यावर, दुपारी घरी,
तुरीचं कुटार, सुबाभळीचा पाला.
आंत्रविषाराची लस आणायला मीच गेले,
भाच्याच्या मोटारसायकलवर मागे,
मांडीवर बर्फाचा थर्मास.
सत्तेचाळीस डिग्रीत पोसक्काच्या मेंढ्या
एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून धापत होत्या,
माझ्या चरत होत्या.
हे मी कोणाला सांगत फिरले नाही.
एकदाच सांगितलं, हातपंपावर.

चैत्रात त्या झडल्या.
कुडाच्या काड्यांना पुंजके, धुळीच्या रंगाचे.
मामाजी चाचपत ते गोळा करत बसले,
फळीवरून चाती काढली, मांडीवर फिरवली.
वीतभर धागा आला. तुटला.
परत वीतभर. परत तुटला.
"याचं काई होत नाई," म्हणाले,
रागानं नाही,
नापास पोराचे मार्क सांगावेत तसं.

कार्तिकात कानफाटकी अडली.
मध्यरात्र, लाईट गेलेली,
एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला.
मी बांगड्या उतरवल्या.
अंधार आम्हा दोघांना सारखाच,
पण त्यांना सवयीचा.
"तेल लाव. गुडघा सापडते का पाह्य. कळ थांबू दे.
आता."
कोकरू बाहेर आलं, ओलं, निसटतं,
आणि मी फडकं शोधेपर्यंत त्यांनी
खांद्यावरचं घोंगडं काढून त्याला पुसायला घेतलं,
नाक आधी, मग छाती, मग ती नागडी पाठ.

"पाठ का नर?"
"पाठ."
हात मागे सरकत गेला, थांबला.
"शेपूट?"
"खाली आहे, मामाजी."
"हं," म्हणाले. "पाहून घेतलं."