डावी, मागची

फालकबाई गाडी घेऊन आल्या
यावल रोडला, माझ्या शेडखाली,
मे महिन्यात, दुपारी दोनला,
जेव्हा भुसावळात पान्यालाही फडकं लावून हात लावावा लागतो.
लाल गाडी. दोन दारं, दोन माणसं, कापडी छत.
बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला.
रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाल्यावर
ग्रॅच्युइटीतून घेतली.
भाऊबंद म्हणाले होते, एवढ्यात अर्धा एकर बागायत आलं असतं.
त्या म्हणाल्या, अर्धा एकर वळणावर वळतं का?

जुने टायर एकशेपंचावन्नचे,
रबर वाळलेल्या कुरडईसारखं, बोट लावलं की भुगा.
त्या मापाचं आता कुणी ठेवत नाही.
"मुबारकभाऊ, मले एकशेपंच्याऐंशी पाहिजे."
मी म्हटलं, घासतील.
"कुठं?"

तीस वर्षांत गिऱ्हाईक विचारत आलं, किती?
कधी देणार? सेकंडहँड चालेल का?
कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं.
माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मग शकीलाकडून कणीक मागवली.
मागच्या स्प्रिंगा काढल्या,
पत्र्याच्या आत तेल लावून गोळ्या चिकटवल्या
आणि जॅकनं चाक ढकललं वर, पार वर,
जिथं ते फक्त खड्ड्यात जातं,
कुणाला न दिसता.
पुढची चाकं या कानापासून त्या कानापर्यंत वळवली.
बाईंनी पर्समधून व्हर्नियर काढला.
(पर्समधून. बडीशेपेच्या डबीशेजारून.)

उजवी पुढची अकरा.
डावी पुढची नऊ.
उजवी मागची आठ.
डावी मागची अशी चेपली होती
की तिच्यातून शेडचा बल्ब दिसत होता.

"पण दोन्ही बाजू एकच ना?"
कागदावर एकच, बाई.
वेल्डरनं उजवी जेवणाआधी केली असेल,
डावी जेवून आल्यावर.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहीत होत्या.

तासभर भांडलो मिलिमीटरवर.
शेवटी एकशेपंचाहत्तर, सत्तरचा.
उंची जुन्याएवढीच, म्हणजे काटा खोटं बोलणार नाही.
एवढं त्यांना पटलं.

पत्रा उन्हानं आधीच तापलेला,
रंग तडकायची भीती निम्मी.
धुण्याच्या मोगरीवर सायकलची ट्यूब गुंडाळली,
चाक आणि पत्र्याच्या मध्ये घातली.
मी मोगरी धरून, बाई स्टिअरिंगवर.
थोडं पुढं. थांबा. थोडं मागं. हळू, हळू, बस.
आतली धार मुडपत गेली
पातळाची किनार आत दुमडावी तशी.
माझ्या बनियनमधून घाम, त्यांच्या चष्म्यावर धूळ.
चहाला कुणी उठलं नाही.

संध्याकाळी डिकीत केळीचे दोन घड,
रावेरच्या ट्रकवाल्याकडून उसने, वजनाला.
टायरच्या कडेला खडू.
मी शेजारच्या सीटवर, गुडघे छातीशी.
तापीच्या पुलापर्यंत काही नाही.
पुलावर वारा, छत मागे, खाली पाणी थोडं, वाळूच जास्त.
बाई साठवर गेल्या. मग ऐंशीवर.
मी दारावरचं हँडल शोधलं. ते नव्हतं.

पलीकडे स्पीडब्रेकर.
खर्र.
एकदाच, जसं कुणी झोपेत कूस बदलावी.

उतरून पाहिलं मोबाईलच्या उजेडात:
खडू पुसलेला, नखाएवढा,
डावी, मागची.
मी तिथंच कानस काढली.
रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून अर्धा तास,
आणि बाई केळ सोलून खात होत्या, उसन्या घडातलं, अर्धं कच्चं.

परत येताना तोच ब्रेकर, तेवढ्याच वेगानं. आवाज नाही.
"आता कुठं घासतं?"
आता कुठंच नाही.
हे उत्तर त्यांना आवडलं नाही, मला दिसलं.
वही मांडीवर घेऊन लिहिलं:
डावी मागची, दोन मिमी.
जरा थांबून पुढं: तूर्त.

शेडमध्ये मुंग्यांनी तीन गोळ्या नेल्या होत्या.
चौथी व्हर्नियरच्या जबड्यातच राहिली होती,
बाईंच्या पर्समध्ये, बडीशेपेशेजारी.
दुसऱ्या दिवशी फोन आला,
ती फेकू का ठेवू?