रविवारसाठी पाठ

सोमवारी पाळकांनी चिठ्ठी हातात ठेवली.
स्तोत्र सुकेशिनी ओहोळकडे,
पत्र त्या नव्या बँकवाल्या मुलाकडे,
जुन्या करारातला पाठ माझ्याकडे.
"सोपा आहे, वैरागरकाका,
अवघड नावं नाहीत यात."

नावं नाहीत, खरंय.
नुसती मापं आहेत.

भवानी पेठेत एकोणतीस वर्षं माझी पाटी:
वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
फळीवर पितळी वजनं, पाच किलोपासून पाच ग्रॅमपर्यंत,
नाताळच्या फोटोत पोरं उभी करतात तशी, उंचीप्रमाणे.
आणि पाठात एक माणूस ओरडतोय,
मेंढरं राखणारा, उंबराची फळं टोचणारा,
की तुम्ही सण संपायची वाट बघता
धान्याची कोठारं उघडायला,
माप खाली ओढता, भाव वर चढवता,
गव्हाखालची झाडणसुद्धा विकता गरिबाला.

पहिल्या वाचनाला मला हसू आलं.
मार्केट यार्डातले अर्धे गाळे
मी त्या ओव्यांत नावानिशी बसवले.
चहा गार होईतो बसवत राहिलो,
अगदी प्रसन्न चित्तानं.

दुसरं वाचन बुधवारी, दुकानात.
विसर्जन होऊन दोन आठवडे झाले तरी
मांडवाचे बांबू गल्लीत आडवे होते,
गिऱ्हाईक नव्हतं.
मोठ्यानं वाचलं, सराव म्हणून,
आणि "खोटा काटा" या शब्दांशी
जीभ अडली.

सुपारीएवढं शिसं.
मालाच्या ताटलीखाली, आतल्या अंगाला,
वरून रंगाचा हात.
रेशनवाला म्हणाला होता,
चाळीस ग्रॅम तर आहेत, कोणाला कळतंय.
धाकटीची फी भरायची होती त्या जूनमध्ये.
ती आता नगरला शिकवते,
गणितच शिकवते.

किती कार्डं होती त्या दुकानावर?
किती महिने?
गुणाकार मी बारा वर्षं केला नाही.
बुधवारी केला, बिलबुकाच्या मागे,
आणि कागद फाडला.
मग पुन्हा केला.

गुरुवारी शलोमीबाई वाघचौरेंकडे अभ्यासाला बसलो.
शुभवर्तमानात तो लबाड कारभारी,
नोकरी जाणार म्हटल्यावर ऋणकोंना बोलावतो,
शंभराच्या जागी पन्नास लिहायला लावतो,
आणि धनी त्याला शाबासकी देतो!
सगळे गोंधळले. पाळक म्हणाले, कठीण दाखला आहे.
बँकवाला म्हणाला, ऑडिटमध्ये सापडला असता.
शलोमीबाई लसूण सोलत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"लबाडी ती लबाडीच.
पण पन्नास मण तेल राहिलं ना
कुणाच्या तरी घरात?
आपली लबाडी कुणाच्या घरातून तेल काढते
ते बघा आधी."

चहा आला. विषय स्मशानभूमीच्या भिंतीवर गेला.
मी कपात बघत बसलो.

आज शनिवार.
सकाळी त्या रेशन दुकानात जाऊन आलो.
म्हातारा गेलाय, मुलगा बसतो,
काटा आता इलेक्ट्रॉनिक, लाल आकड्यांचा.
जुना कुठेय विचारलं.
"भंगारात दिला, काका. का?"
काही नाही म्हटलं.
काही नाही, असं म्हणालो मी,
आणि अर्धा किलो साखर घेऊन आलो.

म्हणजे काढून टाकायला ते शिसंही उरलेलं नाही.

रात्री दुकानात एकट्यानं तिसरं वाचन.
समोर मोठा तराजू, दोन्ही ताटल्या मोकळ्या.
रिकामा काटासुद्धा लगेच थांबत नाही,
आपल्याच श्वासानं हलतो,
वाट बघावी लागते.
जिथून भरभर पुढे जायचं मनात होतं
तिथेच पेन्सिलीनं उभी रेघ मारली:
इथे थांबायचं.

उद्या "हे प्रभूचं वचन" म्हणेन,
मंडळी आभार मानेल, खाली बसेन.
नंतर पाळकांना दोन मिनिटं मागायची आहेत.
बिलबुकाचा तो कागद
बायबलात घातलाय, पाठाच्याच पानाशी.
पुस्तक आता तिथेच उघडतं.